पेटीत बसून कोपनहेगन

“अगं, सुधाकाकू म्हणे सगळं सोडून एकट्याच युरोपला चालल्यात. रोजच्या कटकटीला विटल्या बिचाऱ्या. मला म्हणाल्या, ह्या वयात आता मी कुणाची...”

घर्रर्रर्र!

मिक्सर हो. आमच्या देवळाच्या स्वयंपाकघरातला. मी महाप्रसादासाठी कोथिंबिरीच्या चार जुड्या घेऊन आत शिरले आणि नेमकं त्याच क्षणी हे सांगणाऱ्या श्वेता नावाच्या मुलीने मिक्सरचं बटण फिरवलं. तिची मैत्रीण लगेच “काकू, या ना, या ना!” करत माझ्या हातातल्या जुड्या घ्यायला धावली. वाक्य राहिलं अर्धंच.

आता तुम्हीच सांगा, एवढं ऐकल्यावर कुणी गप्प बसेल का? बसायला हवं होतं. पुढे जे जे झालं, त्यात प्रत्येक वळणावर मी फक्त गप्प बसले असते तरी भागलं असतं. पण तेवढं एक सोडून मला सगळं येतं. चहा घ्या, सांगते.

सुधाताई म्हणजे आमची शेजारीण. ट्रॉयमध्ये, मिशिगनमध्ये, आम्ही अठरा वर्षं शेजारी आहोत. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, सांगलीची. मी साताऱ्याची. म्हणजे तिथेही शेजारीच म्हणायच्या! तिचे मिस्टर वसंतराव गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले. माणूस अबोल. लॉन कापायचं, क्रिकेट बघायचं, मफलर गुंडाळून मेलबॉक्सपर्यंत जाऊन यायचं. मुलगी केतकी कॅलिफोर्नियात.

इथे पुढच्या दाराने कोण येतं? पार्सलवाला. घरची माणसं गॅरेजमधून येतात. सुधाताईच्या गॅरेजचा कोड मला माझ्या जन्मतारखेआधी आठवतो. रोज चार वाजता मी चार आकडे दाबायचे, दार वर जायचं, मी आत, आणि “सुधाताई, आधण ठेव गं!” अठरा वर्षांत खाडा म्हणजे आमच्या भारतातल्या फेऱ्या आणि माझं गुडघ्याचं ऑपरेशन. त्यांच्या फ्रिजमधलं दही किती दिवसांचं आहे, हे वसंतरावांना माहीत नसायचं, मला असायचं.

आणि अशी ही माझी सुधाताई सगळं सोडून चालली आणि मला पत्ता नाही? ते कळतंय कुणाला, तर काल पुण्याहून आलेल्या श्वेताला?

त्या दिवसापासून मी जरा लक्ष ठेवलं. गॅरेजमध्ये एक नवं कोरं हेल्मेट दिसलं, सायकलवाल्यांचं. घरात सायकल नाही, हेल्मेट आहे! मग मंगळवारी रात्री कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवायला गेले. मी काही शोधत नव्हते. शपथ. पण त्यांच्या रिसायकलिंगच्या डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं, ते लावायला गेले तर वरच कागद. डेट्रॉइट ते कोपनहेगन. पॅसेंजर एक. पानाच्या खाली लिहिलेलं, दोनपैकी पहिलं पान.

दुसरं पान नव्हतंच. मी खालपर्यंत बघितलं. परतीचं पानच नाही!

“अहो, सुधाताई परत येणार नाही!” मी घरात येऊन यांना म्हटलं.

आमचे हे टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, “दुसरं पान तिच्या पर्समध्ये असेल.”

“तुम्हाला बाईचं मन कधी कळायचं?”

“मला तुझे हात कळतायत. धुऊन ये. केचपचा वास येतोय.”

दुसऱ्या दिवशी सुधाताई डेंटिस्टकडे गेलेली बघून मी डाळिंबी उसळ घेऊन वसंतरावांकडे गेले. म्हटलं, आधी पुरुषाला समज द्यावी.

“भावजी, पस्तीस वर्षांचा संसार आहे. थोडं पडतं घ्या.”

“कशात?” ते म्हणाले.

“सुधाताई चाललीये. तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. चांगलं वाटतं. मीच तिकीट काढलंय.”

बघा! नवरा स्वतः बायकोचं तिकीट काढतो, तेही एकटीचं, आणि वर म्हणतो चांगलं वाटतं. मी हादरले. हा माणूस तिला कंटाळलाय की ती ह्याला? मला वाटलं दोघंही. घरी येऊन मी देवापुढे दिवा लावला आणि केतकीला फोन लावला. दिवा लावून थांबले असते तरी चाललं असतं.

“केतकी बाळा, घाबरू नकोस.”

फोनवर कुणी असं म्हटलं की माणूस काय करतो? घाबरतो.

“व्हॉट हॅपन्ड, मावशी?”

“काही नाही गं. लोक म्हणतायत की आई सगळं सोडून चाललीये. कटकट सहन होत नाही म्हणे.”

“वेट. मॉम डॅडला सोडतेय?”

“मी असं म्हटलं नाही हं. लोक म्हणतात.”

“हू इज लोक?”

आता ह्या पोरीला लोक म्हणजे कोण ते काय सांगणार! त्या दिवशी तरी ‘लोक’ म्हणजे मीच होते.

पुढच्या दोन दिवसांत केतकीने आईला किती फोन केले, काय काय म्हणाली, ते मला माहीत नाही. म्हणजे थोडं माहीत आहे, भिंतीला कान लावायची गरज पडली नाही, खिडकी उघडी होती. आईचं बीपी, आईचं वय, परका देश, त्यात सायकल! शेवटी तोड निघाली. एकटीने जायचं नाही. मंगलमावशी, म्हणजे मी, बरोबर जाईल. आणि पोरीने माझं तिकीट काढूनही टाकलं.

सुधाताई त्या संध्याकाळी आमच्याकडे आली. तीही पुढच्या दाराने, बेल वाजवून. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“तू येतेयस,” ती म्हणाली.

“अगं, मला तर आनंदच!”

“हो?”

“मग काय! एकटीने कशाला फिरायचं? बोलायला कुणीतरी नको?”

तिने माझ्याकडे बघितलं. “सायकल येते तुला?”

“छे गं. साताऱ्यात चढ किती!”

“मला येते,” ती म्हणाली. “सांगलीत रोज कॉलेजला जायचे सायकलने. लग्न झाल्यापासून बसले नाही.” आणि निघून गेली. चहाही न घेता.

मी आपली हिला नवऱ्यापासून फारकत घेऊ द्यायची नाही, ह्या विचारात. बॅग भरली. दशम्या, चिवडा, लिंबाचं लोणचं, आणि वसंतरावांचा एक फोटो. हो, तोही घेतला. गणपतीच्या कार्यक्रमातला, जरा हसरा एकच मिळाला.

कोपनहेगनच्या विमानतळावरून शहरात जायला खालूनच ट्रेन. स्वच्छ, चकचकीत. आम्ही बसलो. मी सुधाताईला माझ्या भावजयीच्या बहिणीच्या घटस्फोटाची गोष्ट सांगायला घेतली, म्हटलं विषय हळूहळू काढावा. पाच मिनिटांनी समोरच्या म्हाताऱ्याने शांतपणे बोट उचलून काचेवरचं चित्र दाखवलं. ओठांवर बोट. ह्या डब्यात बोलायचं नाही म्हणे! बोलायचं नाही असा वेगळा डबा! मी सुधाताईकडे बघितलं. तिने डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर असं समाधान, की अभिषेक चालू असावा. मी तिला हळूच विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“मी मुद्दाम शोधून बसले,” ती डोळे न उघडता म्हणाली.

सायकली भाड्याने देणारं दुकान हॉटेलच्या मागेच होतं. सुधाताईने ट्रॉयहूनच एक सायकल बुक केलेली. निळी. पुढे वेताची टोपली, पितळी घंटी. दुकानातल्या उंच मुलीने ती बाहेर आणून उभी केली तेव्हा सुधाताई, काय सांगू, एकसष्ट वर्षांची बाई एकोणीसची दिसायला लागली. सीटवर हात फिरवला. पंजाबी ड्रेसची ओढणी काढून बॅगेत टाकली.

“आणि तुम्ही?” त्या मुलीने मला इंग्लिशमध्ये विचारलं.

मी म्हटलं, बघू प्रयत्न करून. मला एक लाल सायकल दिली. मी बसले. सायकल निघाली, मी राहिले, आणि दुकानाबाहेरची जिरेनियमची कुंडी गेली. मुलगी फार सज्जन. कुंडीचं काही बोलली नाही. आत गेली आणि एक तीनचाकी घेऊन आली, पुढे दोन चाकं आणि त्यांच्यावर ही एवढी मोठी लाकडी पेटी.

“ह्यात मुलं बसतात,” ती म्हणाली. “कुत्री पण बसतात.” माझ्याकडे बघून जरा थांबली. “मोठी माणसंही बसू शकतात.”

मी म्हटलं, “सुधाताई, झालं की मग काम! मी पेटीत, तू मागे. बोलत बोलत जाऊ!”

सुधाताईने त्या निळ्या सायकलच्या घंटीवर एकदा अंगठा ठेवला. वाजवली नाही. मग सायकल परत दिली.

तुम्हाला आत्ता ऐकतानाच कळलं असेल. मला तेव्हा कळलं नाही. मी पेटीत बसून चिवड्याची पिशवी कुठे ठेवायची ते बघत होते.

तर असं मी कोपनहेगन बघितलं. माझं वजन विचारू नका. मागे सुधाताई पॅडल मारतेय, तिचा श्वास मला ऐकू येतोय, आणि मी पुढे गुडघ्यांवर चौकटीचं ब्लँकेट घेऊन, लेकुरवाळीच्या बाळासारखी. “सुधाताई, ते बघ कालवे! सुधाताई, ती बघ बाई, हातात कॉफी धरून चालवतेय! सुधाताई, दमलीस का? दमलीस तर सांग हं!”

त्या शहरात सायकलवाल्यांचा एक नियम आहे. थांबायचं असलं की हात वर करायचा. मला काय माहीत? मी दर दोन मिनिटांनी हात वर करून काहीतरी दाखवतेय. एका चर्चला तर मी कपाळाला हात लावून नमस्कार केला. मागून करकचून ब्रेक लागल्याचे आवाज, मग डॅनिश भाषेत काहीतरी. ते शांतपणेच बोलतात, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. सुधाताई सगळ्यांना “सॉरी, सॉरी” म्हणत होती. मला वाटलं, किती नम्र!

सिग्नलला शेजारी आणखी एक पेटी येऊन थांबली. त्यात एक तीन वर्षांचं पोरगं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मी चिवडा दिला. त्याने मला बिस्किट दिलं. त्याने मला आपल्यातलंच समजलं असावं.

चौथ्या दिवशी सुधाताई म्हणाली, समुद्रावर जायचं. शहरातल्या गाड्यांना सायकलींसाठी वेगळा डबा असतो. फलाटावर मी पेटीतच बसून राहिले, तिने आणि एका डॅनिश बाईने मिळून मला ढकलत आत घेतलं. अशा वेळी उतरायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. सुधाताईला घाम आलेला. वसंतरावांनी लाल पेनाने खुणा केलेला एक नकाशा तिच्या खिशातून डोकावत होता. मला दिसला. पण मला जे दिसतं आणि मला जे कळतं, त्यांची फारशी ओळख नाही.

समुद्र मात्र सुंदर. राखाडी, गप्प. पलीकडे दुसऱ्या देशाची रेघ दिसत होती. सुधाताईने वाळूच्या कडेला सायकल लावली, शाल अंथरली, थर्मासमधला चहा ओतला. मी पेटीतच. गुडघे आखडले होते. म्हटलं, हीच वेळ. पर्समधून वसंतरावांचा फोटो काढून हातात तयार ठेवला.

“सुधाताई, एक बोलू?”

“नको म्हटलं तर थांबणार आहेस?”

“संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. भावजी मनाने वाईट नाहीत गं.” आणि मी फोटो पुढे केला.

तिने फोटो बघितला. मग मला. “हा कशाला आणलास?”

“त्यांना सोडून नको जाऊस. मला सगळं ठाऊक आहे. रोजची कटकट, एकटीने निघणं, तिकिटाचं एकच पान...”

“तिकिटाचं पान?”

ते मी झाकणाचं सांगितलं. सुधाताईने पेला खाली ठेवला.

“मंगल, वसंत दिवसातून दहा वाक्यं बोलतो. त्यातली चार क्रिकेटवर. तो काय कटकट करणार? त्यानेच नकाशा काढून दिला. कुठल्या स्टेशनात लिफ्ट आहे, कुठल्या डब्यात बोलायचं नसतं, सगळं. म्हणाला, आठवडाभर एकटी जा, डोकं शांत करून ये.”

“मग कटकट कुणाची?”

तिने पेला उचलून एक घोट घेतला.

एक सीगल आला आणि माझ्या पेटीच्या काठावर बसला. सुधाताई पेटीकडे बघत होती. मी मागे वळून बघितलं, म्हटलं अजून कोण आहे आत.

आणि मग, काय सांगू तुम्हाला, त्या थंड वाऱ्यात बसून मला आमच्या देवळातला मिक्सर आठवला. श्वेताने मला बघून बटण फिरवलं तेव्हा भांडं रिकामं होतं. चटणी आधीच वाटून पातेल्यात काढलेली होती. मी बघितलं होतं की! कोरडं भांडं घरघरतंय, मोटर जळेल, असं मनातही आलं होतं. बघितलं ट्रॉयला आणि कळलं कोपनहेगनला.

“अठरा वर्षं, मंगल,” सुधाताई म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते. “रोज चार वाजता. मला ताप असला तरी. आम्हा दोघांना नुसतं गप्प बसायचं असलं तरी. आई गेली तेव्हा तू दहा दिवस सकाळ-संध्याकाळ होतीस. मला एकदा तरी एकटीने रडायचं होतं गं.”

“मी आधार द्यायला आले होते,” मी म्हटलं.

“माहीत आहे. म्हणून तर कधी बोलता आलं नाही.”

मी आयुष्यात पहिल्यांदा काही बोलले नाही. सीगलने दशमी नेली, तेव्हाही नाही.

परतताना पुलाच्या चढावर तिला धाप लागली. मी उतरले आणि मागून पेटी ढकलायला लागले. ती “बस गं” म्हणाली नाही. स्टेशनपर्यंत मी चालतच आले.

शेवटच्या दिवशी मी सांगितलं, माझे गुडघे दुखतायत, तू जा. पेटी परत केली. निळी सायकल तोवर दुसऱ्या कुणीतरी नेली होती. तिला एक करडी मिळाली, टोपली नसलेली. मी हॉटेलच्या खिडकीतून बघितलं. आधी डगमगली, मग सरळ झाली, आणि कोपऱ्यावर वळताना तिने हात बाहेर काढला, अगदी नियमाने. मागे वळून बघितलं नाही.

माझ्या फोनवर तिचा ठिपका फिरत होता. ते लोकेशन शेअरिंग मीच तिच्या फोनमध्ये चालू करून दिलेलं, काळजीपोटी. ठिपका कालव्याजवळ गेला, पुलावर गेला, आणि गेलाच. तिने बंद केलं.

खरं सांगते, केतकीचा नंबर काढला होता मी. अंगठा वर होता. मग फोन उशीखाली ठेवला आणि उशीवर बसले. तीन तास बसले.

ती आली तेव्हा नाक लाल, केस विस्कटलेले, आणि गाणं गुणगुणत होती. मला बघून थांबली. गुणगुणायची.

ट्रॉयला आलो तो रविवार. सोमवारी चार वाजता पाय आपोआप निघाले. चार आकडे दाबले. लाल दिवा. पुन्हा दाबले. पुन्हा लाल. मला आधी वाटलं बॅटरी गेली. बघा, अजूनही मला बॅटरीच वाटत होती!

मग पुढच्या दाराशी जाऊन बेल वाजवली. अठरा वर्षांत त्या बेलचा आवाज मी बाहेरून कधी ऐकला नव्हता. सुधाताईनेच दार उघडलं. अर्धं.

“गुरुवारी ये ना,” ती म्हणाली. “आधी मेसेज कर.”

“आज सोमवार आहे.”

“हो,” ती म्हणाली.

म्हणजे बातमी अगदीच खोटी नव्हती हो. सुधाताईने नवरा सोडला नाही, घर सोडलं नाही. सोडले ते आठवड्यातले सहा दिवस, आणि ते माझे होते. गुरुवारी मात्र चहात वेलची असते. आधी नसायची. पाहुण्यांसाठी घालते ती वेलची, मला माहीत आहे.

मागच्या रविवारी देवळात पुन्हा महाप्रसाद होता. मी एकटीच खोबरं वाटून भांडं विसळून ठेवत होते. एक नवीन मुलगी आत आली, नागपूरची, डोळे चमकतायत.

“मंगलकाकू, तुम्ही सुधाकाकूंच्या शेजारी ना? त्या सगळं सोडून युरोपला गेल्या होत्या म्हणे! खोटंच होतं का ते?”

“अर्धं,” मी म्हटलं.

“म्हणजे अर्धं खरं? मग सांगा ना काकू, ती कटकट होती तरी कुणाची?”

मी तिच्याकडे बघितलं. मग रिकामं भांडं मिक्सरवर बसवलं आणि बटण फिरवलं.